माहीत सगळ्यांनाच होतं, बिल भरलं तिसऱ्याने

लिबराची हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं (तो 'ची' आडनावातलाच आहे, आपला प्रत्यय नाही, तेव्हा जरा सांभाळून वाचा). जवळचे लोक त्याला ली म्हणायचे, मीही सोयीसाठी पुढे तेच म्हणतो. अमेरिकेत टीव्ही नवा नवा घरात आला तेव्हाचा हा पहिल्या फळीतला स्टार. पियानो वाजवायचा, पियानोवर मेणबत्त्यांचा मोठा स्टँड, अंगात चकचकीत कोट, ओठांवर कायम हसू, आणि आईचं कौतुक तर उठता बसता. तो समलिंगी होता. हे त्याने आयुष्यात एकदाही जाहीर कबूल केलं नाही, उलट दोनदा कोर्टात जाऊन नाकारलं, आणि 1987 मध्ये एड्सने गेला तेव्हा मरणाचं कारणसुद्धा लपवायचा प्रयत्न झाला.

आता त्याच्याबद्दल जे काही बोललं लिहिलं जातं त्यात दोनच सूर असतात. एक म्हणजे बिचारा, काळच तसा होता, काय करणार. दुसरा म्हणजे ढोंगी, स्वतःच्याच लोकांशी गद्दारी केली. मला हे दोन्ही सूर अर्धवट वाटतात, कारण दोन्हीकडे सगळा फोकस एकट्या त्याच्यावर. जे कोट्यवधी लोक रोज त्याला बघत होते, ज्यांना डोळे होते, ज्यांना सगळं दिसत होतं, ते यात कुठेच नाहीत. माझं म्हणणं असं की इथे एक करार होता, कागदावर नसलेला. तू आम्हाला हसव, नटून ये, लाडीगोडी लाव, फक्त ते एक वाक्य तोंडाने बोलू नकोस. दोघांनीही तो करार पाळला, दोघांचाही फायदा झाला, आणि त्याची किंमत मात्र ज्यांनी कधी सही केलीच नव्हती अशा लोकांनी मोजली.

थोडं मागे जाऊ. 1919 चा जन्म, विस्कॉन्सिनमधलं वेस्ट अ‍ॅलिस, आई पोलिश वंशाची, वडील इटालियन. लहानपणापासून हात चांगला, शास्त्रीय वाजवायचा, पण पोटासाठी क्लब आणि हॉटेलांत वाजवता वाजवता त्याला कळलं की लोकांना शोपॅन (शास्त्रीय पियानोचा मोठा संगीतकार) पूर्ण नको असतो, बरे बरे तुकडे हवे असतात. 1952 च्या उन्हाळ्यात एनबीसी या अमेरिकन टीव्ही कंपनीवर दुसऱ्या एका गायिकेच्या सुट्टीच्या काळात पंधरा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला, मग पुढच्या वर्षीपासून फिल्मवर शूट केलेले एपिसोड गावोगावच्या छोट्या स्टेशनांना विकायला सुरुवात झाली. यात धंद्याची गोम होती. त्यावेळी बरेच कार्यक्रम लाइव्ह व्हायचे आणि लांबच्या शहरांत त्यांची टीव्हीच्या पडद्यावरून उतरवलेली भुरकट कॉपी जायची, याचे एपिसोड मात्र स्वच्छ फिल्मवर, पुन्हा पुन्हा दाखवता येणारे, त्यामुळे एखाद्या गावातल्या लहानशा स्टेशनलाही परवडायचे. शंभराच्या वर एपिसोड झाले.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे नजर. तो सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात बघायचा. आज यात काही वाटणार नाही, रील करणारं कुठलंही पोर तेच करतं, पण तेव्हाचे बरेच कलाकार थिएटरमधल्यासारखे समोरच्या प्रेक्षकांकडे बघून काम करायचे. हा स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन बसलेल्या बाईकडे बघून डोळा मारायचा, नाव घेतल्यासारखं बोलायचा, आईबद्दल सांगायचा, मग भाऊ जॉर्ज व्हायोलिन घेऊन यायचा. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका कार्यक्रमाचे त्याला 1,38,000 डॉलर मिळाले. समीक्षकांनी धुतला, तर त्याने उत्तर दिलं की तुमचं वाचून फार वाईट वाटलं, बँकेत जाईपर्यंत रस्ताभर रडत होतो. 1955 मध्ये लास व्हेगासचं रिव्हिएरा हॉटेल उघडलं तेव्हा आठवड्याला 50,000 डॉलर.

आता तारखा बघा. त्याचा कार्यक्रम देशभर पसरला ते वर्ष 1953, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तो आदेश काढला ज्याच्या आधारे 'लैंगिक विकृती' हे सरकारी नोकरीतून काढायचं कारण ठरलं, आणि समलिंगी असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसं घरी बसवली गेली. म्हणजे दिवसा ऑफिसात असा माणूस सापडला की त्याची नोकरी घालवायची, आणि संध्याकाळी त्याच ऑफिसातल्या साहेबांच्या घरी बायको आणि आई लीचा कार्यक्रम लावून बसणार, आणि साहेब पेपरात तोंड घालून कुरकुरणार. याला सहिष्णुता म्हणायचं का? काही लोक म्हणतात, की बघा, तेव्हासुद्धा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलंच होतं ना. घेतलं होतं, पण विदूषकालाही डोक्यावर घेतातच, सिंहासनावर कुणी बसवत नाही.

करार प्रेक्षकांनाही हवा होता याचा पुरावा लीच्याच करिअरमध्ये आहे. 1955 मध्ये हिरो म्हणून केलेला सिनेमा साफ पडला. मग टीका आणि कुजबुज वाढली तसं 1957-58 च्या सुमाराला त्याने चमकधमक कमी केली, साधे सूट घातले, मेणबत्त्या बाजूला, बोलणं आवरतं. थोडक्यात 'नॉर्मल पुरुष' व्हायचा प्रयत्न केला. लोकांनी पाठ फिरवली. दुपारी लागणारा एक कार्यक्रम मिळाला तोही वर्षाच्या आत बंद. लोकांना तो पुरुषी व्हायला नकोच होता! त्यांना तोच नखरा हवा होता, तीच अंगठ्यांनी भरलेली बोटं, फक्त त्याचा अर्थ कुणी मोठ्याने सांगायचा नाही. पुढे तो चकचकाटाकडे परत गेला तसं मार्केटही परत आलं.

या सगळ्याच्या मध्ये ती लंडनची केस. मला ही केस फार इंटरेस्टिंग वाटते म्हणून जरा रेंगाळतो. 1956 च्या सप्टेंबरमध्ये ली इंग्लंडला गेला, बोटीने, मग रेल्वेने वॉटर्लू स्टेशनला, तिथे बायकांची ही गर्दी. तिथल्या डेली मिरर या पेपरात कॅसांड्रा या नावाने लिहिणारे विल्यम कॉनर यांनी त्याच्यावर एक लेख लिहिला, त्यात विशेषणांची एक भलीमोठी माळच होती, डोळे मिचकावणारा, खिदळणारा, अत्तरात बुडवलेला, लचकणारा, 'फळांच्या चवीचा' वगैरे, आणि शेवटी आईच्या प्रेमाचा ढीग. इंग्रजीत फळ हा शब्द तेव्हा कुणासाठी शिवीसारखा वापरायचे हे वाचणाऱ्याला बरोबर कळत होतं. दौऱ्यात काही ठिकाणी शो चालू असताना लोकांनी शिव्या घातल्या. लीने मिररवर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि 1959 च्या जूनमध्ये तो लंडनला सुनावणीला उभा राहिला.

त्याच्याच वकिलाने, गिल्बर्ट बायफस यांनी, त्याला सरळ विचारलं, तुम्ही समलिंगी आहात का? नाही सर. कधी तसे संबंध ठेवलेत का? नाही सर, आयुष्यात कधीच नाही, मी त्याच्या विरोधात आहे, कारण ते रीतीला धरून नाही आणि समाजाला दुखावणारं आहे. शपथेवर. आता यावरून त्याला खोटारडा म्हणणारे म्हणोत, पण इंग्लंडमध्ये त्यावेळी दोन पुरुषांचे संबंध हा गुन्हा होता, 1952 मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाला त्याच गुन्ह्यात शिक्षा झाली होती आणि दोन वर्षांत तो माणूस संपला होता. कायदा बदला असं सांगणारा वुल्फेंडन कमिटीचा रिपोर्ट 1957 मध्येच आला होता, प्रत्यक्ष कायदा बदलायला 1967 उजाडलं. हो म्हटलं असतं तर त्याने त्या पिंजऱ्यातून कुठे जायचं होतं? त्या खोट्याबद्दल मी त्याला एका मिनिटात सोडून देतो.

पण दुसऱ्या बाजूचं काय? मिररचा बचाव काय होता माहितीये? आम्हाला तसं म्हणायचंच नव्हतं! कॉनर साहेबांनी शपथेवर सांगितलं की त्या शब्दांतून समलिंगी असल्याचं सुचवायचा हेतूच नव्हता. म्हणजे ज्याच्यावर लिहिलं तो म्हणतो मी तसा नाही, ज्याने लिहिलं तो म्हणतो मी तसं लिहिलंच नाही, आणि मध्ये ज्युरी बसलीय जिला दोघांचंही पुरेपूर कळतंय. अख्ख्या कोर्टात खरं बोलायची सक्ती असलेला एकही माणूस खरं बोलत नाहीये आणि तरी कामकाज अगदी व्यवस्थित चालू आहे. ज्युरीने लीच्या बाजूने कौल दिला, 8,000 पौंड भरपाई. (मिररची बाजू लढवणारे जेराल्ड गार्डिनर पुढे लॉर्ड चान्सलर, म्हणजे सरकारातले न्यायखात्याचे प्रमुख, झाले आणि त्यांच्याच काळात तो 1967 चा कायदा पास झाला, काळ कसा फिरतो.) अमेरिकेतही कॉन्फिडेन्शियल नावाच्या कुजबुज छापणाऱ्या मासिकाकडून तो समलिंगी असल्याचं सुचवणाऱ्या बातमीबद्दल त्याने 40,000 डॉलर घेतले, कारण त्यांनी ज्या दिवशी तो डॅलसमध्ये होता असं छापलं त्या दिवशी तो डॅलसमध्ये नव्हता. बातमीतली तारीख चुकीची, माणूस बरोबर.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनच्या या केसच्या पंचवीस वर्षं आधी, 1934 मध्ये, मुंबईत र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, वाचकांनी लैंगिक गोष्टींबद्दल विचारलेले प्रश्न आणि कर्व्यांची सरळ उत्तरं, त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. त्यांची केस लढवायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. केस हरले, 200 रुपये दंड झाला. पण निदान त्या कोर्टात एक बाजू तरी होती जी म्हणत होती की हो, हे लिहिलंय, लिहायलाच हवं. लंडनमध्ये तसं म्हणणारी बाजूच नव्हती.

केस जिंकून लीचं भलं झालं असं सगळे म्हणतात, मला तसं वाटत नाही. त्या दिवसापासून तो शपथेवर 'नाही' झाला. आता परतीचा रस्ता बंद, कारण हो म्हटलं की खोट्या साक्षीचा ठपका आणि घेतलेल्या पैशांचा हिशोब. 1969 ला न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल झालं, म्हणजे त्या नावाच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि समलिंगी लोकांनी उलटून बंड केलं, सत्तरच्या दशकात लोक रस्त्यावर उतरून मोर्चे काढायला लागले, आणि हा मात्र व्हेगासमध्ये पांढऱ्या फरचा झगा फरफटत, चमचमत्या खड्यांनी मढवलेल्या गाडीतून स्टेजवर येत होता, आठवड्याला 3,00,000 डॉलर घेत होता. अंगठ्या पुढे करून प्रेक्षकांना म्हणायचा, आवडल्या ना, पैसे तुमचेच आहेत. सगळं थिएटर हसायचं. मला तर वाटतं त्या अख्ख्या कराराचं इतकं नेमकं वर्णन त्याच्या आधी किंवा नंतर कुणी केलं नाही.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे. पुढे नाही.

1977 मध्ये त्याच्या आयुष्यात स्कॉट थॉर्सन आला, वय अठराच्या आसपास, ली तेव्हा 58 चा. लोकांसमोर हा मुलगा कोण? तर ड्रायव्हर, तीच खड्यांची गाडी स्टेजवर चालवत आणणारा, पगारी माणूस. घरात मात्र वेगळं, इतकं वेगळं की त्या मुलाच्या चेहऱ्यावर प्लास्टिक सर्जरी झाली, तो ली सारखा दिसावा म्हणून. 1982 मध्ये सगळं फिस्कटलं, त्याला घराबाहेर काढलं, त्याने 11.3 कोटी डॉलरचा दावा ठोकला, की आम्ही जोडीदार म्हणून राहत होतो, मला सांभाळायचं वचन होतं. लीने काय केलं? सगळं नाकारलं. नोकर होता, कामावरून काढला, आता पैसे उकळतोय. 1984 मध्ये दाव्याचा मोठा भाग कोर्टाने फेटाळला, 1986 मध्ये 95,000 डॉलरवर तडजोड झाली, त्यात 75,000 रोख आणि बाकी तीन गाड्या आणि तीन कुत्रे.

तीन कुत्रे! पाच वर्षांच्या संसाराची वाटणी. थॉर्सन काही साधूसंत नव्हता, पुढे त्याने तुरुंगवासही भोगला, ते बाजूला ठेवू. मुद्दा असा की 1959 मध्ये जे 'नाही' लीचा जीव वाचवत होतं तेच 1982 मध्ये दुसऱ्याचं अस्तित्व पुसायला कामाला आलं. जे नातं समाज मानत नाही ते तोडताना श्रीमंत माणसाला काहीच द्यावं लागत नाही, सगळं नुकसान दुसऱ्याचं. लपून राहणारा प्रत्येक जण फक्त बळीच असतो असं जे आपण सहानुभूतीच्या भरात धरून चालतो ते मला पटत नाही ते यामुळेच. लपण्याची सोय ज्याच्याकडे पैसा आणि नाव आहे त्याला हत्यार म्हणूनही वापरता येते.

शेवटची दोन वर्षं. 1985 च्या जुलैमध्ये हॉलिवूडचा हिरो रॉक हडसनला एड्स असल्याचं जाहीर झालं, ऑक्टोबरमध्ये तो गेला, आणि तोपर्यंत ज्या आजाराकडे सरकार ढुंकून बघत नव्हतं त्याच्यावर निदान बोलणं सुरू झालं. लीलाही तेव्हाच कळलेलं होतं. 1986 च्या शरदात न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये त्याचे शेवटचे शो झाले, माणूस वाळलेला, आणि सांगितलं गेलं की कलिंगडाच्या डाएटमुळे वजन उतरलंय. 4 फेब्रुवारी 1987 ला पाम स्प्रिंग्जमध्ये गेला, 67 वर्षांचा होता. डॉक्टरांच्या दाखल्यात हृदय बंद पडलं वगैरे. रिव्हरसाइड काउंटीच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, तो दाखला मानायला नकार दिला, शव तपासलं, आणि पत्रकारांना बोलावून सांगितलं की मृत्यू एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने झालाय.

कॉरोनरचं वागणं मला आवडत नाही, मेलेल्या माणसाची अशी जाहीर चिरफाड, पण दाखला खोटा होता हेही खरंच. आजार जाहीर करणं कुणावर बंधनकारक नसावं, ज्याचं शरीर त्याचा निर्णय. तरी मनात येतंच, की त्या वर्षी शेकडो साधी पोरं हॉस्पिटलांत एकटी मरत होती, घरच्यांनी दारं लावलेली, आणि अध्यक्ष रेगन साहेबांचं एड्सवरचं पहिलं मोठं भाषण व्हायला 31 मे 1987 उजाडायचं होतं. ज्या माणसाला अमेरिकेतली प्रत्येक आजी पोरासारखी जीव लावायची तो एक वाक्य बोलला असता तर त्या आज्यांपैकी काहींनी तरी आपल्या नातवाला घरात घेतलं असतं. नाही बोलला. करार शेवटपर्यंत पाळला. लास व्हेगासमधलं त्याचं म्युझियम 2010 मध्ये गर्दी आटल्यामुळे बंद पडलं, ज्या बायका त्याच्यावर जीव टाकायच्या त्या गेल्या आणि पुढच्या पिढीला तो कोण होता याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आपल्याला काय. आपल्याकडे गणपत पाटील होते. कोल्हापूरचा माणूस, तमाशापटांतला नाच्या, 'आत्ता गं बया' म्हटलं की अख्खं थिएटर डोक्यावर. ते समलिंगी वगैरे काही नव्हते, बायको मुलंबाळं असलेला सरळ संसारी माणूस, मुद्दा तोच आहे. लोकांनी पडद्यावरचं खरं धरलं आणि त्याचा त्रास घरच्यांना, अगदी मुलांच्या सोयरिकी जमवण्यापर्यंत झाला, हे अनेकदा छापून आलंय. ज्या माणसावर पोट धरून हसलो त्याच्याच घरात सोयरीक करायला मात्र नाक मुरडलं. लीच्या बाबतीत खरं होतं ते नाकारावं लागलं, पाटलांच्या बाबतीत खरं नव्हतं ते चिकटवलं गेलं, आणि दोन्हीकडे हसणारा प्रेक्षक तोच, तिकीट काढून मोकळा.

आजच्या मराठी चॅनलवर बघा. साडी नेसलेला पुरुष, लचकणारा सेक्रेटरी, पार्लरवाला 'तो', हशा हमखास. मी हे बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही, विनोदात बाईचा वेष आपल्याकडे जुना आहे आणि चांगल्या नटाच्या हातात तो झकास होतो. पण त्याच चॅनलवर प्राइम टाइमला आपल्या जोडीदाराबद्दल सहज बोलणारा समलिंगी निवेदक चालेल का, हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारून बघा, लगेच टीआरपी, स्पॉन्सर आणि 'आपला प्रेक्षक अजून तयार नाही' निघेल. प्रेक्षक तयार नाही हे वाक्य 1953 पासून चालत आलंय, आणि प्रेक्षक प्रत्येक वेळी चॅनलच्या पुढेच असतो असं माझं मत आहे, निदान तरुण प्रेक्षक तरी.

आणि घरात? घरात करार आणखी पक्का. मुलगा 'तसा' आहे हे आईला कळलेलं असतं, बहिणीला कळलेलं असतं, पण बोलायचं नाही. लग्न करून टाकू, होईल सगळं सुरळीत. मग कांदेपोहे, पत्रिका, हॉल बुक, आणि एक अनोळखी मुलगी ज्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे त्या घरात काहीच माहीत नसताना येते. ती थॉर्सनच्या जागी आहे. वर्षभराने तिलाच विचारतात, काय गं, पाळणा कधी हलणार. मुलाची घुसमट मला कळते, खरंच कळते, पण सगळी सहानुभूती त्याच्याच खात्यात जमा करून तिला शून्य देणं हा हिशोब मला मान्य नाही, आणि आईवडिलांना तर मी यातून अजिबात सोडणार नाही.

कायदा म्हणाल तर 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा तो भाग गेला, आता गुन्हा नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, संसदेने बघावं म्हणाले. 2024 च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांगितलं की अशा जोडप्यांना जॉइंट बँक अकाउंट उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. चांगलंय, घ्या. पण समजा पुण्यात दोघं पंधरा वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिले, फ्लॅट एकाच्या नावावर, आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर गावाकडून दहा वर्षं तोंड न दाखवलेला भाऊही वारस म्हणून उभा राहू शकतो, आणि जो उशाशी बसला होता तो कायद्याने कोणीच नाही, फार तर नॉमिनी. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, पाठ असतं त्यांना.